सोयरिकीचा स्टॉप

देवीदास मेश्रामच्या स्टुडिओत एक शब्द चालायचा, जो फोटोग्राफीच्या कोणत्याच पुस्तकात सापडायचा नाही. सोयरिकीचा स्टॉप.

रायपूरच्या टिकरापाऱ्यातला तो स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडे काउंटर, मागे एक लांबट खोली, खोलीत दोन फ्लॅश, एक निळा पडदा, पडद्याशेजारी खिडकी, बसायला एक गोल स्टूल, आणि त्याच्याही मागे घर. स्टॉप हे फोटोवाल्यांचं उजेडाचं माप. एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट. पासपोर्टचा फोटो असो, शाळेचा असो, देवीदास पाहिजे तेवढाच उजेड द्यायचा. पण पोरीबरोबर तिची आई आली, आईच्या पिशवीत भरजरी साडी नि तोंडावर काळजी असली, की तो काही न विचारता एक स्टॉप वाढवायचा. मग गव्हाळ पोरगी गोरी व्हायची, सावळी गव्हाळ व्हायची, आणि काळी असेल ती, बिचारी, सावळी तरी व्हायची. आई हरखून म्हणायची, "भैया, कितना अच्छा आया!" आणि चार ओळखीच्या बायांना पाठवून द्यायची. चौबे कॉलोनीतल्या बाया मोठी मोठी एसी दुकानं ओलांडून देवीदासकडे यायच्या त्या काही उगाच नाही.

आता कोणी म्हणेल, उजेड वाढवायचा, त्यात कसली आलीय कला? तर तसं नाही बरं. शटर जास्त वेळ उघडं ठेवा, तर खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड तेवढा वाढतो. फ्लॅशचा नाही, कारण फ्लॅश पापणी लवायच्या आत येऊन निघून गेलेला असतो, मागे शटर कितीही ताटकळत उभं राहो. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, मोठं करा, तर सगळंच उजळतं, पडदाही, खिडकीही, आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की इथं काहीतरी शिजलंय. उरला फ्लॅश. तोंडावरच्या फ्लॅशची ताकद पाव असेल ती अर्धी करायची, बाकी कशाला बोट लावायचं नाही. पडदा होता तसा राहतो, खिडकी होती तशी राहते, तोंड मात्र उजळून निघतं. लबाडी करायची तर अशी, की करणाऱ्यालाही ती लबाडी वाटू नये.

आणि देवीदासला ती वाटत नव्हतीच. "मी काय फोटोत दुसरं नाक लावून राहिलो काय?" तो म्हणायचा. "उजेड आहे तो. उजेड दिल्यानं पाप लागते काय?"

त्याच्या घरात हे न पटणारं माणूस एकच, त्याची मुलगी पायल. अठ्ठावीस वर्षांची, तेलीबांध्याच्या एका ऑफिसात हिशेब तपासायच्या कामावर. बापावर गेलेली. काळी म्हणजे काळी, उगाच सावळी-बिवळी म्हणून गोड करायचं कारण नाही. उंच, हसली की सगळे दात दिसणारी, आणि बोलायला लागली की समोरच्याने जरा सांभाळून बसावं अशी. स्टुडिओतच वाढली होती. नवा फ्लॅश आणला की देवीदास पहिला फोटो तिचा काढायचा. तिचा काळा रंग काळाच राहून त्यावर तुकतुकी आली, गालाची गोलाई दिसली, नाकाजवळचा तीळ वेगळा दिसला, की तो म्हणायचा, "जमलं." त्यामुळे पायलच्या मनात लहानपणापासून एक गोष्ट घट्ट बसली होती. जग काहीही म्हणो, बापाच्या कॅमेऱ्यात आपण आहोत तशाच येतो, आणि चांगल्या येतो.

सोयरिकीच्या स्टॉपवरून ती त्याच्याशी भांडायची. "पप्पा, तुम्ही त्या पोरीले न सांगता सांगून राहिले, की बाई, तू आहेस तशी चालणार नाहीस."

"अवं, तिच्या मायले पाहिजे असते."

"मायले पाहिजे असते म्हणून? उद्या माझ्या मायले पाहिजे असंन तं?"

देवीदास हसायचा. तुझी गोष्टच वेगळी, म्हणायचा.

पण लग्नाचं वय आलं, आणि तिची गोष्टही काही वेगळी राहिली नाही. स्थळं यायची. भंडाऱ्याहून, दुर्गहून, एकदा थेट नागपूरहून. मंडळी आलूपोहे खायची, चहा प्यायची, पायलचं शिक्षण विचारायची, पगार विचारायची, आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणायची, "कळवतो." कळवतो या शब्दाइतका दुष्ट शब्द मराठीत दुसरा नसेल. त्यात नाही पण नसतं आणि हो पण नसतं, पोरीच्या आईने नुसता फोनकडे बघत जीव टांगून ठेवायचा. देवीदासची बायको प्रेमला अशी किती दिवस फोनकडे बघत बसली होती ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि मजा बघा. या लोकांत पत्रिका बघत नाहीत, मुहूर्त काढत नाहीत, मंगळ-शनी तर कोणाच्या गावी नाहीत. बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, पांढरी वस्त्रं नेसायची, वंदना म्हणायची, झालं लग्न. जुनं सगळं जाळून टाकलं म्हणतात. मग हा रंग तेवढा कसा शिल्लक राहिला, बाप्पा? त्याला काडी लावायची राहूनच गेली.

उन्हाळ्याच्या तोंडावर देवीदासच्या बहिणीचा, शर्मिष्ठाचा, दुर्गहून फोन आला. गोंदियाचं स्थळ. मुलगा लोकेश वासनिक, रेल्वेत नोकरीला, शांत, वाचणारा. "दादा, घर चांगलं आहे," शर्मिष्ठा म्हणाली. "पण त्यांनी फोटो मागितला आहे. आजच पाठव."

पायल ऑफिसातून आली तेव्हा प्रेमलाने मोरपंखी साडी काढून ठेवली होती. पायल म्हणाली, "नेसते. पण फोटो जसा येते तसा पाठवायचा. त्यांना नापसंत करायचं असंन तं तिथंच करू देत, माझ्यासमोर बसून आलूपोहे खात नको. पप्पा, शब्द द्या."

"दिला," देवीदास म्हणाला, आणि खरंच मनापासून म्हणाला.

ती स्टुलावर बसली. त्याने तोंडावरचा फ्लॅश पावावर ठेवला, शटर आणि अॅपर्चर रोजचंच. फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बघितलं. असा सुरेख आला होता की त्याला क्षणभर वाटलं, ओरडून सांगावं. डोळे हसरे, मान ताठ, तीळ जिथल्या तिथे, काळ्या गालावर खिडकीचा उजेड पाण्यासारखा उतरलेला.

प्रेमला त्याच्या खांद्यामागून बघत होती. "अहो..." एवढंच म्हणाली, अगदी हळू, आणि तो एक शब्द असा होता की त्यात आजवरची सगळी 'कळवतो' भरलेली होती.

देवीदासने मान वर केली. "डोळे मिटले वाटते, बेटा," तो म्हणाला. "एक अजून."

डोळे मिटले, एक अजून. हे फोटोवाल्यांचं रोजचं खोटं. लेन्सवर बोट आलं असलं, स्वतःचा हात हलला असला, तरी डोळे गिऱ्हाइकाचेच मिटतात. पायल पुन्हा ताठ बसली. देवीदासने कॅमेऱ्यावर बसवलेल्या रिमोटचं चाक अंगठ्याने फिरवलं, पाव होता त्याचा अर्धा केला. फ्लॅश उडाला.

"दाखवा," पायल उठून आली. त्याने मागे जायचं बटण दाबून तिला पहिला फोटो दाखवला. "नाही, डोळे उघडेच होते, मलेच वाटलं," म्हणाला. पायलने तो निरखून पाहिला आणि लहानपणी हसायची तशी हसली. "पप्पा, मस्त! हाच पाठवा."

"हव," तो म्हणाला.

आणि पाठवला दुसरा.

गोंदियाहून उत्तर यायला वेळ लागला नाही. फोटो पसंत आहे, रविवारी मुलीला बघायला येतो. प्रेमलाने आनंदाने शेजारणीला पेढे दिले. देवीदासने मात्र पेढा तोंडात न घालता बशीत परत ठेवला. फोटो गोंदियात बसून बघितला, पोरगी तर रायपुरात बघणार. आता बोलावं तर पायल भांडणार, स्थळ हातचं जाणार. न बोलावं तर रविवार येणार. माणूस घाबरला की शहाण्यासारखं काही सुचत नाही, आणि देवीदासला जे सुचलं ते एखाद्या फोटोवाल्यालाच सुचावं.

रविवारी सकाळी त्याने स्टुडिओतले दोन एलईडी पॅनल मागे घरात आणले आणि बैठकीच्या खोलीत लावले. एक दाराआड, एक कपाटावर, दोन्हींची तोंडं पांढऱ्या छताकडे, म्हणजे उजेड छतावर आपटून खाली सगळीकडे सारखा पडावा. खिडकीला जाड पडदा ओढून घेतला.

"हे काय शूटिंग आहे काय?" पायलने दारातून विचारलं.

"ट्यूबलाईट फडफड करून राहिली."

"पप्पा, तुम्ही नवरदेवापेक्षा जास्त घाबरले." ती खदखदून हसली आणि आत गेली. तिचं ते हसणं ऐकून देवीदासला रडू यायचं बाकी राहिलं. पोरीने विश्वासाने चेष्टा करावी आणि आपण मेल्याहून मेल्यासारखं व्हावं, याहून वाईट काय असतं?

मंडळी आली. जय भीम, जय भीम झालं. लोकेशचे वडील वासनिक, निवृत्त मास्तर. आई गोरीपान, घामाघूम. धाकटी बहीण रुचिता, हातातला मोबाईल खाली न ठेवणारी. आणि लोकेश, चष्मा लावलेला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसलेला. शर्मिष्ठाही दुर्गहून आली होती, दोन्हीकडची म्हणून मधोमध बसली.

पॅनल सुरू होते, खोली लख्ख होती, आणि बसल्या बसल्या देवीदासच्या ध्यानात आलं की आपण किती मूर्ख आहोत. उजेड काय एकट्या पायलवर पडणार होता? तो सगळ्यांवरच पडला. लोकेशची आई मुळात गोरी, ती पांढरीफटक दिसायला लागली. भिंत उजळली, चादर उजळली, शर्मिष्ठाही उजळली, आणि या सगळ्यांत चहाचा ट्रे घेऊन आलेली पायल होती तेवढीच काळी राहिली. तीस वर्षं हाच धंदा केला, आणि ऐन वेळी अक्कल गेली शेण खायला.

"बाई, खिडकी उघडा न," लोकेशची आई म्हणाली. "जीव गुदमरून राहिला."

प्रेमला नाही म्हणणार कशी? पडदा सरकला. दिवसाचा साधा, खरा उजेड आत आला.

पण काही झालं नाही. लोकेशच्या आईने पायलकडे जरा वेळ पाहिलं खरं, पण मग आलूपोह्यात वांग्याच्या फोडी घातल्यात का म्हणून विचारलं, प्रेमलाने हो म्हटलं, आणि दोघी त्यावर बोलत बसल्या. लोकेशने पायलला विचारलं, "हिशेब तपासता म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधता?" पायल म्हणाली, "आणि तुमच्या गाड्या उशिरा येतात, त्या चुका कोण शोधते?" तो हसला. अगदी आवाज करून हसला, आणि चष्मा काढून पुसला. देवीदासने ते बघितलं. त्याला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं. आपण उगाच घाबरलो, हा पोरगा चांगला आहे, याला काही फरक पडत नाही. त्याने पहिल्यांदाच चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात रुचिताने मोबाईल पुढे केला. "दीदी, बुरा मत मानना... ये फोटो आपका ही है ना?"

तिच्या मनात पाप नव्हतं. वय लहान, मनात आलं ते तोंडात आलं.

पायलने मोबाईल हातात घेतला. तेच स्टूल, तोच पडदा, तीच मोरपंखी साडी. तोंड मात्र कोणा दुसरीचं. गाल सपाट, रंग पिठासारखा, आणि नाकाजवळचा तीळ उजेडात वाहून गेलेला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने मान वर करून बापाकडे पाहिलं.

बोलायची वेळ होती ती. 'मी केलं,' एवढे दोन शब्द. शर्मिष्ठा पोह्यातले दाणे मोजत बसली. प्रेमलाने पदर तोंडाला लावला. आणि तीस वर्षं लोकांना 'हसा, हसा' म्हणणारा तो माणूस दगडासारखा गप्प बसून राहिला.

"हाँ, मेरा ही है," पायल म्हणाली. "मोबाइल में मैंने ही ठीक किया था."

"काहून?" लोकेशने विचारलं. तो मराठीत बोलला, आणि हळू बोलला.

"चांगली दिसावी म्हणून."

लोकेश तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, पण जे काही मघाशी उमललं होतं ते मिटून गेलं. त्याने चष्मा घातला आणि चहाचा कप खाली ठेवला. पुढचं बोलणं पाण्याचं, उन्हाळ्याचं, गाडीच्या वेळेचं झालं. जाताना चपला घालत वासनिक म्हणाले, "कळवतो."

मंडळी गेल्यावर प्रेमला स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली. पायलने पॅनल बंद केले, स्टँड मिटले, वायरी नीट गुंडाळल्या. देवीदास मागे मागे फिरत होता.

"तू काहून असं बोलली, बेटा?"

"मग काय बोलू?" तिने वायर गुंडाळत विचारलं. "माझ्या बापानं फसवलं म्हणून? अर्ध्या रायपूरच्या पोरींचे फोटो तुमच्या दुकानातून जातात. उद्या कोणी पाय ठेवला असता काय?"

"मी... तुझी माय..."

"मायचं नाव घेऊ नका. चाक मायनं नाही फिरवलं." तिचा आवाज अजून चढला नव्हता, आणि तेच देवीदासला सोसवत नव्हतं. "दुसऱ्या वेळी फ्लॅश उडाला न, पप्पा, तेव्हा पुन्हा चार्ज व्हायले त्याला जास्त वेळ लागला, तो बारीक शिटीसारखा आवाज लांबला. मले ऐकू आलं होतं. लहानपणापासून ऐकून राहिली मी तो आवाज. मी मनात म्हटलं, पॉवर वाढवली काय यांनी? मग माझं मीच म्हटलं, छे, सेल उतरला असंन. पप्पा असं करणार नाहीत."

एवढं बोलली आणि मग मात्र रडली. देवीदासने तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

शर्मिष्ठाचा फोन दोन दिवसांनी आला. "दादा, जमत नाही म्हणतात."

"रंगावरून?"

"तेच तं सांगून राहिली. रंगाचं त्यांचं काहीच नव्हतं म्हणे. त्याची माय म्हणाली, आमची सासूही काळीच होती, सोन्यासारखी बाई. लोकेशले तं पायल आवडली होती. पण फोटो तिनं स्वतः बदलला, आणि तोंडावर तसं सांगितलं, हे त्याच्या मनाले लागलं. म्हणते, जी पोट्टी पहिल्याच दिवशी आपलं तोंड लपवते, ती पुढे काय काय लपवंन?"

म्हणजे ज्या रोगाचं औषध म्हणून त्याने पोरीला विष पाजलं, तो रोग तिथे नव्हताच. आहे तशी दिसली असती, तर आज तिची सोयरीक झाली असती. पहिला फोटो. तो खरा फोटो. तेवढा पाठवला असता तर!

त्याने वासनिकांना फोन लावला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं, पण केला. सगळं सांगितलं. पोरीने काही केलं नाही, ती तर खरा पाठवा म्हणत होती, मी शब्द दिला आणि मी मोडला, ती माझी इज्जत वाचवायला खोटं बोलली.

पलीकडे मास्तर शांतपणे ऐकत होते. "मेश्रामजी," ते म्हणाले, "मलेही पोरगी आहे. तुमच्या जागी मी असतो तं मीही हेच म्हटलं असतं, की चूक माझी, पोरीची नाही. बाप आहे शेवटी. आमच्या मनात राग नाही, खरंच. जय भीम."

"अहो, मी खरं सांगून राहिलो!"

"हव, हव," मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवला.

देवीदासला वाटलं, पहिला फोटो पाठवून द्यावा. हा बघा, हा त्याच दिवशीचा, हाच आधी काढला होता. त्याने तो शोधला, मोबाईलवर घेतला, आणि पाठवायच्या बटणापाशी त्याचा अंगठा थांबला. गोरी करणारा काळीही करू शकतो. आता पोरगी काळी केलेला फोटो पाठवून राहिला, म्हणतील. फोटोवाल्याचा फोटो पुरावा म्हणून कोण धरणार? त्याने मोबाईल खिशात टाकला.

त्यानंतर त्याने सोयरिकीचा स्टॉप बंद केला. कोणाला सांगितलं नाही, फलक लावला नाही. चौबे कॉलोनीतली एक बाई मुलीला घेऊन आली, त्याने फ्लॅश पावावरच ठेवला. बाईने फोटो बघून नाक मुरडलं. "भैया, पहले जैसा हाथ नहीं रहा आपका." ती मुलगी तेवढी जरा वेळ आपल्या फोटोकडे बघत उभी राहिली, मग आईमागे निघून गेली.

घरी पायल त्याच्याशी बोलायची. जेवायला वाढायची, औषधाची आठवण करायची, गॅसवाल्याला फोन केला का विचारायची. भांडत मात्र नव्हती. पूर्वी स्टुडिओत येऊन काहीतरी टोचून गेल्याशिवाय तिचा दिवस जात नसे, आता ती काउंटरवरूनच सरळ घरात जायची. देवीदासला त्या भांडणांची इतकी सवय होती की घर खायला उठायचं.

पावसाळा सरता सरता शर्मिष्ठाने पुन्हा एक स्थळ काढलं. दुर्गचंच, मुलगा शिक्षक. फोटो मागितला होता. प्रेमला या वेळी नुसती बघत राहिली. देवीदास मात्र दुपारपासून कामाला लागला. लेन्स पुसली. पडदा झटकला. तोंडावरचा फ्लॅश पावावर ठेवला आणि त्याची पाठ मुद्दाम दाराकडे केली, म्हणजे आत येणाऱ्याला पाठीवरचा आकडा दिसावा. या वेळी पायलला कॅमेऱ्याची काच स्वतः बघू देऊ, मोबाईलवर फोटो तिलाच घेऊ देऊ, पाठवायलाही तिलाच लावू, असं सगळं त्याने मनाशी ठरवलं होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

पायल ऑफिसातून आली. चपला काढल्या, पर्समधून एक छोटं पांढरं पाकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "आत्याले हा पाठवा."

देवीदासने पाकीट उघडलं. आत तिचा फोटो होता.

"हा कोठून काढला?"

"ऑफिसजवळ एक दुकान आहे. तेलीबांध्याले."

"कोणाचं?"

"नाव नाही पाहिलं, पप्पा."

फोटो साधाच होता. पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलेलं, एकच फ्लॅश, तोही तिरका, हनुवटीखाली सावली पडलेली. दुसऱ्या कोणाचा असता तर देवीदासने त्यातल्या दहा चुका सांगितल्या असत्या. पण रंग बरोबर होता. गाल गालासारखा होता. कोण कुठला दुकानदार, त्याने घाईघाईत बटण दाबलं होतं, आणि पायल पायलसारखी आली होती.

"मी लाईट लावून ठेवले आहेत," देवीदास म्हणाला. "पावावर आहे. तूच पाहा येऊन. चाकाले तूच हात लाव, मी लावतच नाही."

पायल आत डोकावली. तिने फ्लॅशचा आकडा बघितला, अगदी नीट वाकून बघितला. "हव, बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग बस न."

"नाही, पप्पा." ती काउंटरला टेकून उभी राहिली. "तुम्ही बरोबरच काढाल, मले माहीत आहे. पण तो फोटो हातात आला की मी त्याच्यात शोधत बसीन, कुठं काय केलं म्हणून. नाही केलं असंन तरी शोधीन. मले माझंच तोंड तसं पाहायचं नाही."

"बेटा, मी..."

"मले माहीत आहे." तिने त्याच्या दंडावर हात ठेवला, क्षणभर. रागावली असती, ओरडली असती, तर देवीदासला बरं वाटलं असतं. "चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली.

देवीदासने फोटो काउंटरवर सपाट ठेवला. वरच्या दिव्याची चमक त्यावर पडत होती म्हणून तो जरा सरकवला. मग मोबाईलने त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला. तीस वर्षांच्या धंद्यात दुसऱ्याच्या हातचा फोटो त्याने पहिल्यांदाच आपल्या दुकानातून पाठवला, आणि तो पोटच्या पोरीचा.

शर्मिष्ठाचं उत्तर लगेच आलं. "किती छान आला, दादा! जशी आहे तशी दिसून राहिली आपली पोरगी. तुझ्या हाताची सर कोणाले नाही."

त्याने लिहिलं, "मी नाही काढला."

तिने हसणारी दोन तोंडं पाठवली. आतून पायलने चहाला हाक मारली, एकदा, मग पुन्हा. देवीदासला उठता येईना. काउंटरवर डोकं टेकून तो रडत होता, आणि आवाज आत जाऊ नये म्हणून त्याने मनगट दातांत धरलं होतं.